दूरदेशीचे दान आणि त्याचा हिशेब

एखाद्या मनुष्याने आपल्या कमाईतून काही रक्कम बाजूस काढून, जो देश त्याने कधी पाहिला नाही व जेथील भाषा त्यास कळत नाही, अशा देशातील एखाद्या खेड्यास विहिरीसाठी पाठविली, तर त्याचे कर्तव्य तेथे संपले काय? विहिरीस पाणी लागले किंवा न लागले, ह्याचा भार त्याच्या शिरावर आहे की नाही? आणि ज्या खेड्यास ती रक्कम पोचली त्याच्या शिरावर काही भार आहे की नाही? हा प्रश्न पुष्कळांस केवळ विद्वानांचा वाटेल. परंतु आमच्या वाचकांपैकी ज्यांच्या गावचा दवाखाना, शाळा किंवा हापसा कोणा परदेशी दात्याच्या पैशाने उभा राहिला आहे, त्यांच्या तर तो दाराशी येऊन बसलेला आहे. म्हणून त्याचा थोडा विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

ह्या बाबतीत दोन मते वारंवार ऐकू येतात. एक असे की, देणाऱ्याचे अंतःकरण शुद्ध असले म्हणजे पुरे. पुढचे देव पाहील. दुसरे असे की, परक्याचा पैसा म्हणजे लाचारी. तो घेतला की मनुष्याचा कणा मोडतो, सबब तो घेऊच नये. पहिले मत दात्यास फार सोयीचे आहे. दुसरे मत, ज्यास उपाशी निजण्याचा प्रसंग कधी आला नाही, त्यास सोयीचे आहे. १८९९-१९०० च्या दुष्काळात न्यूयॉर्क येथील 'ख्रिश्चन हेरल्ड' ह्या साप्ताहिकाच्या वाचकांनी वर्गणी जमविली आणि मक्याने भरलेले 'क्विटो' नावाचे जहाज मुंबईस पाठविले. जहाजाची सोय अमेरिकेच्या सरकारने करून दिली. त्या मक्यावर ज्यांचे प्राण तगले त्यांस स्वाभिमानावर व्याख्यान देण्याचा अधिकार कोणास होता? आम्हांस तर तो कोणास होता असे दिसत नाही.

तथापि दुष्काळातील दान हे त्यातल्या त्यात सोपे दान होय. भूक समोर दिसते, धान्य येते, ते पोटात जाते; लबाडी झाली तर तीही लवकर उघडकीस येते. अवघड दान ते की जे गावाची स्थितीच पालटू पाहते: पाणी कायमचे मिळावे, रोग समूळ जावा, गरीब कुटुंबाने पुन्हा गरीब होऊ नये. आजकाल श्रीमंत देशांतील धनिक व त्यांची धर्मादाय प्रतिष्ठाने आफ्रिका व आशिया खंडांत जे द्रव्य पाठवितात, ते बहुतेक ह्या दुसऱ्या जातीचे असते. त्याचा उपयोग होतो काय, हे विचारणे म्हणजे कृतघ्नपणा नव्हे. उपयोग होवो, ह्याच हेतूने ते दिलेले असते ना?

दक्षिण आफ्रिकेत गेल्या शतकाच्या अखेरीस एक मोठी गोजिरी युक्ती निघाली. शाळेच्या पटांगणात मुलांनी ढकलून वर बसण्याचे गोल चक्र असते, तसे चक्र बोअरवर बसवावे. मुले खेळतील, चक्र फिरेल, आणि त्या योगाने जमिनीतील पाणी उंच टाकीत चढेल. टाकीच्या चारी बाजूंस जाहिराती लावाव्या व त्यांच्या उत्पन्नातून दुरुस्तीचा खर्च भागवावा. ह्या यंत्रास 'प्लेपंप' असे नाव होते. २००० साली जागतिक बँकेच्या एका स्पर्धेत त्यास पारितोषिक मिळाले. २००६ साली न्यूयॉर्क येथे अमेरिकन सरकार व केस फाउंडेशन हे खाजगी प्रतिष्ठान ह्यांनी मिळून त्यासाठी १ कोटी ६४ लक्ष डॉलर उभे करण्याचे जाहीर केले. २०१० पर्यंत आफ्रिकेतील दहा देशांत असे ४००० पंप बसवावयाचे ठरले. हसत फिरणारी मुले व खाली धो धो पडणारे पाणी, हे चित्र ज्याने पाहिले त्याचा हात खिशाकडे गेलाच पाहिजे, असे ते होते.

पण जेथे पंप बसले तेथे वर्ष-दोन वर्षांत निराळेच दृश्य दिसू लागले. मूल खेळते ते त्याच्या लहरीप्रमाणे. पाणी लागते ते पहाटे व तिन्हीसांजेला. मुले शाळेत असताना किंवा कंटाळून घरी गेली असताना ते जड चक्र फिरवावयाचे कोणी? बायांनी, आणि म्हाताऱ्यांनी. जो साधा हापसा एका बाईस उभ्याने चालविता येत होता, तो कित्येक ठिकाणी काढून टाकून त्याच बोअरवर हे चक्र बसविलेले होते. वयस्क बायांस वाकून लहान मुलांचे खेळणे ढकलीत फिरण्याची लाज वाटे, ती वेगळीच. यंत्र मोडले तर दुरुस्तीवाल्यांची वाट पाहत महिने जात. गावच्या मनुष्यास ते उघडता येत नसे. आडरानातल्या टाकीवर जाहिरात लावण्यास कोणता व्यापारी येणार? आणि किंमत तर साध्या हापशाच्या सुमारे चौपट. एका पंपावर अडीच हजार लोकांस पाणी मिळेल असे सांगितले जात असे. २००९ साली इंग्लंडातील 'गार्डियन' पत्राने हिशेब मांडून दाखविला की, तसे व्हावयाचे तर मुलांनी दिवसाकाठी सत्तावीस तास खेळले पाहिजे. २०१० साली केस फाउंडेशनने आपली योजना फसल्याचे स्वतः जाहीर रीतीने कबूल केले. ही कबुली दुर्मिळ आहे व त्या प्रतिष्ठानास ती भूषणावह आहे, असे आम्ही मानतो. फसलेल्या कित्येक योजना मुकाट्याने पुरल्या जातात.

येथे कोणाची दानत खोटी होती? कोणाचीही नाही. पैसा चोरीस गेला काय? तसेही नाही. मग चूक कोठे झाली, हे पाहण्यासारखे आहे. बाजारात कुंभाराचे मडके गळके निघाले तर गिऱ्हाईक पुढच्या आठवड्यास दुसऱ्या कुंभाराकडे जाते, आणि पहिल्यास आपली चूक त्याच दिवशी कळते. पुढाऱ्याने वाईट रस्ता करविला तर निवडणुकीत, मग पाच वर्षांनी का होईना, त्यास जाब द्यावा लागतो. परंतु दानाच्या व्यवहारात किंमत देणारा एक, वस्तू वापरणारा दुसरा, आणि मध्ये समुद्र. ज्यास मडके गळके आहे हे ठाऊक, त्याने किंमत दिलेली नाही. ज्याने किंमत दिली, त्यास मडके गळते हे ठाऊक नाही. दोघांच्या मध्ये जे लोक असतात त्यांचा पगार पुढच्या देणगीवर चालत असतो, म्हणून त्यांस ते सांगण्याची घाई नसते. मोझांबिकमधील एखाद्या बाईस पहिल्याच आठवड्यात जे समजले, ते न्यूयॉर्कास पोचण्यास वर्षे लागली.

कोणी म्हणेल की, सरकारांनी दिलेल्या मदतीचीही हीच रड आहे. ते खरे आहे. पण खाजगी दात्याच्या ठायी एक गोष्ट विशेष असते, ती म्हणजे मोकळीक. त्यास मतदार नाहीत, विरोधी पक्ष नाही, वर्षाअखेर खर्च संपविलाच पाहिजे अशी सक्ती नाही. ह्या मोकळिकीने तो वाटेल तो मूर्खपणा करू शकतो. आणि ह्याच मोकळिकीने तो असेही काम करू शकतो की ज्यास कोणत्याही सरकारचा धीर पुरला नसता. अशा एका कामाची हकीकत थोडी विस्ताराने सांगतो, कारण तो रोग आमच्या थोर वयाच्या वाचकांनी डोळ्यांनी पाहिलेला आहे.

नारू म्हटले म्हणजे महाराष्ट्रातील जुन्या खेड्यांत कोणास फार समजावून सांगावे लागत नाही. पायऱ्यांच्या विहिरीतले किंवा तळ्यातले पाणी न गाळता प्यावे, त्यातील बारीक पाणपिसवांबरोबर रोगाचे बीज पोटात जावे, आणि वर्षभराने हातभर लांबीचा, कधी त्याहूनही मोठा, जंतू पायातून बाहेर पडू लागावा. काडीवर रोज थोडथोडा गुंडाळीत तो काढावयाचा. ओढला तर तुटतो व पाय सुजतो. ऐन पेरणीच्या दिवसांत घरचा कर्ता माणूस महिना महिना अंथरुणास खिळलेला असे. आग शमविण्यासाठी रोगी पाय पाण्यात घाली, की त्या पाण्यात पुन्हा नवे बीज सांडलेच. आपल्या देशात ह्या रोगाचे उच्चाटन आपल्याच सरकारने केले: १९८३-८४ च्या सुमारास राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, शेवटचा रोगी जुलै १९९६ मध्ये राजस्थानात सापडला, आणि २००० साली देश नारूमुक्त ठरला.

आफ्रिकेतील गरीब राज्यांस असा खर्च व अशी यंत्रणा एकट्याने झेपण्यासारखी नव्हती. १९८६ साली अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर ह्यांच्या कार्टर सेंटर ह्या संस्थेने हे काम हाती घेतले, तेव्हा आफ्रिका व आशिया मिळून वर्षास सुमारे ३५ लक्ष लोकांस नारू होत असे असा अंदाज होता. २०२४ साली सगळ्या जगात मनुष्यांतील रोगी सापडले ते १५. ह्या रोगावर आजही औषध नाही व लसही नाही. मग हे झाले कसे? पाणी गाळण्याच्या फडक्यांनी. गुराख्यांनी गळ्यात बांधून न्यावयाच्या, टोकास जाळी असलेल्या नळीने. तळ्यात टाकावयाच्या औषधाने, जे कारखानदारांनी फुकट दिले. आणि मुख्यतः, प्रत्येक गावात त्याच गावच्या एका मनुष्याने रोज घरोघर जाऊन कोणाच्या पायास फोड आला आहे काय, हे पाहिल्याने. १९९५ साली सुदान देशात यादवी युद्ध चालू असता कार्टर ह्यांनी दोन्ही पक्षांची मने वळवून सुमारे सहा महिने तलवारी म्यान करविल्या, आणि त्या अवधीत कार्यकर्ते त्या मुलखात शिरले.

ह्यात लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की, ही फडकी छायाचित्रात मुळीच शोभत नाहीत. सुमारे चाळीस वर्षे एकच काम, आणि जसजसे रोगी कमी होत जातात तसतसा एकेका रोग्यामागे खर्च वाढत जातो. अर्थखात्याचा कोणताही शहाणा अधिकारी म्हणाला असता की, आता पुरे. मध्यंतरी चाड देशात हा जंतू कुत्र्यांत शिरल्याचे आढळले, आणि काम पुन्हा लांबले. अलीकडे वर्षास शेकडो जनावरे बाधित सापडतात. आपल्या अगोदर शेवटचा नारू मरावा, अशी इच्छा कार्टर ह्यांनी बोलून दाखविली होती. ते २०२४ च्या डिसेंबरात शंभर वर्षांचे होऊन वारले, आणि नारू थोडा उरलाच. ह्या कामात सरकारांचा पैसाही आहे, व प्रत्येक देशाच्या आरोग्यखात्याचे हात आहेत. परंतु न कंटाळण्याचे काम खाजगी दात्यांनी केले, असे म्हणणे रास्त होईल.

दुसरे एक उदाहरण 'नदीकाठच्या अंधत्वा'चे. वाहत्या पाण्यापाशी वाढणाऱ्या काळ्या माशीच्या दंशाने हा रोग होतो व शेवटी डोळे जातात. पश्चिम आफ्रिकेत ह्या भीतीने नदीकाठची सुपीक शेते टाकून लोक निघून गेले होते. मर्क नावाच्या अमेरिकन औषध कंपनीस ह्या रोगावर उत्तम गोळी सापडली, पण ज्यांस ती हवी त्यांच्यापाशी दमडी नव्हती. १९८७ साली कंपनीने जाहीर केले की, लागेल तितकी व लागेल तितके दिवस आम्ही ही गोळी फुकट देऊ. हे दान थोर खरे. पण गोदामातील गोळीने कोणाचे डोळे वाचत नाहीत. ती रानावनांतल्या हजारो गावांत दर वर्षी पोचवावयाची कशी? प्रथम गाड्या घेऊन पथके पाठविण्यात आली. पुढे नव्वदीच्या दशकात अशी रीत पडली की, गोळ्या कोणी वाटाव्या, कोणत्या महिन्यात वाटाव्या, दारोदार जाऊन की एका जागी बसून, हे सर्व त्या त्या गावाने सभा घेऊन ठरवावे. वाटणारा गावानेच निवडावयाचा. वजनकाटा नको, खुणा केलेली एक काठी मनुष्याजवळ उभी धरावी व उंचीवरून गोळ्यांची संख्या ठरवावी. पथकांनी जे साधले नाही ते ह्या काठीने साधले. २०१३ साली कोलंबिया आणि २०२५ च्या जानेवारीत आफ्रिकेतील नायजर देश ह्या रोगापासून मुक्त ठरला.

आता एका समजुतीविषयी दोन शब्द. फुकटची वस्तू मनुष्य जपत नाही, म्हणून थोडी तरी किंमत घ्यावी, असे आपणही म्हणतो व मोठमोठ्या संस्थाही पुष्कळ काळ म्हणत होत्या. हिवतापापासून बचाव करणाऱ्या मच्छरदाण्यांविषयी केनिया देशात हे पडताळून पाहण्यात आले. तो अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. काही दवाखान्यांत गरोदर स्त्रियांस मच्छरदाणी फुकट दिली, काहींत अल्प किंमत घेतली. किंमत अवघी ६० सेंट केली तेव्हा घेणाऱ्यांचे प्रमाण शेकडा ६० ने घटले. आणि ज्यांनी फुकट नेल्या त्यांनी त्या टाकून दिल्या काय? नाही, विकत घेणाऱ्यांइतक्याच त्यांनीही वापरल्या. म्हणजे गरीब बाईस किंमत लावून तिला वस्तूची कदर शिकवावी, हा शहाणपणा कागदावर कितीही सुरेख दिसला तरी तेथे खोटा ठरला. प्रत्येक वस्तूविषयी असेच होईल असे आम्ही म्हणत नाही. परंतु गरिबाच्या स्वभावाविषयी श्रीमंताने (आणि पाळकानेही) जी मते बाळगलेली असतात, ती मधून मधून पडताळून पाहावीत, इतके तरी ह्यावरून निघते.

त्याच केनियात 'गिव्हडायरेक्टली' नावाची संस्था मुळी वस्तूच देत नाही. गरीब कुटुंबास मोबाइलवरून रोकड पाठविते, व तिचे काय करावे हे ज्याचे त्याने ठरवावयाचे. कोणी पत्र्याचे छप्पर घातले, कोणी गाय घेतली. हा पैसा दारूत जाईल ही भीती तपासणीत खरी ठरली नाही. पण २०१५ च्या सुमारास होमा बे नावाच्या भागात एक विलक्षण प्रकार घडला: तेथे शेकडा ४५ च्या आसपास लोकांनी पैसे घेण्याचेच नाकारले. ह्याच्या मागे सैतानाची पूजा आहे, अशी भुमका उठली होती! आम्हांस ह्यात हसण्यासारखे थोडे व समजण्यासारखे पुष्कळ दिसते. फुकट देणाऱ्याच्या मनात काहीतरी असते, हे गरीब मनुष्य पिढ्यान्पिढ्यांच्या अनुभवाने शिकलेला असतो; आपल्याकडेही दुष्काळातल्या भाकरीवरून कोणास काय काय ऐकावे लागले, हे मंडळीतील वृद्धांस विचारावे. ह्याच संस्थेचे कांगो देशात २०२२ साली सुमारे ९ लक्ष डॉलर तिच्याच काही नोकरांनी संगनमताने लांबविले. संस्थेने ही गोष्ट स्वतः प्रसिद्ध केली.

पौलाने मासेदोनिया व अखया येथील मंडळ्यांकडून यरुशलेमेतील गरिबांसाठी वर्गणी गोळा केली, ती देखील एका देशाने दुसऱ्या देशास केलेली खाजगी मदतच होती. ती रक्कम एकट्याने न नेता मंडळ्यांनी नेमलेली माणसे त्याने बरोबर घेतली, कोणी ठपका ठेवू नये म्हणून. वर्गणी करणाऱ्यांनी हे स्मरणात ठेवलेले बरे. पण यरुशलेमेच्या गरिबांकडून मासेदोनियास उलट कोणते वर्तमान गेले, हे आपल्यास वाचावयास मिळत नाही.

आता ह्या दानाचे एकंदर आकारमान किती, हेही पाहिले पाहिजे. कारण काही लोक सर्व आशा त्यावरच ठेवू लागले आहेत. २०१६ ते २०१९ ह्या चार वर्षांत मोठ्या प्रतिष्ठानांनी विकासकार्यास दिलेली रक्कम सुमारे ४२ अब्ज डॉलर, म्हणजे वर्षास दहा-अकरा अब्ज. सरकारांची मदत एकट्या २०२३ साली दोनशे अब्जांहून वर होती. आणि परदेशी राबणाऱ्या मजुरांनी, दायांनी व ड्रायव्हरांनी त्याच वर्षी गरीब व मध्यम स्थितीच्या देशांतील आपल्या घरी धाडलेली रक्कम साडेसहाशे अब्जांच्याही वर गेली. आखातात राबणाऱ्या मुलाची मनीऑर्डर हे जगातील सर्वात मोठे दान आहे, आणि त्यास कोणी दान म्हणत नाही. २०२५ च्या आरंभी अमेरिकन सरकारने आपली परदेशी मदत एकाएकी थांबविली व १ जुलै रोजी यूएसएड हे त्याचे खातेच मिटविले. त्या खात्याच्या हातून वर्षास ४० अब्जांहून अधिक डॉलर खर्च होत असत. त्याच वर्षीच्या मे महिन्यात बिल गेट्स ह्यांनी जाहीर केले की, त्यांचे प्रतिष्ठान पुढील वीस वर्षांत सुमारे २०० अब्ज डॉलर खर्चून २०४५ च्या अखेरीस बंद होईल. वर्षास दहा अब्ज: जगातील सर्वात मोठ्या खाजगी दात्याची ही शक्ती, आणि एका सरकारने काढलेला हात भरून काढण्यास ती चौथाईनेही पुरत नाही.

तथापि ती थोडीही नाही. हेच प्रतिष्ठान जागतिक आरोग्य संघटनेच्या सर्वात मोठ्या देणगीदारांपैकी एक आहे. कोणत्या रोगाकडे जगाने प्रथम पाहावे, ह्याचा निर्णय काही अंशी तरी अशा रीतीने एका घरातील मंडळींच्या मनावर अवलंबून राहतो. ती मंडळी अभ्यासू आहेत व त्यांच्या द्रव्याने पुष्कळ मुले वाचली आहेत, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु भला राजा हा देखील राजाच. ज्यांच्यावर त्याचा अंमल चालतो त्यांनी त्यास निवडलेले नसते.

मग अशा दात्यास खरी वार्ता कोणी द्यावी? ह्याचे उत्तर शोधू लागले असता बोट आमच्याच वाचकांकडे वळते. खेड्यातील शाळामास्तर, उपदेशक, दवाखान्याची दाई ह्यांच्या हातूनच अहवाल लिहिले जातात. पाहुणे येणार म्हटले की, भिंतीस चुना लागतो, मुलांस धुतलेले कपडे चढतात, बंद पडलेल्या हापशाची वाट चुकवून पाहुण्यांस दुसऱ्या गल्लीने नेण्यात येते, आणि हारतुऱ्यांनंतर आभाराचे भाषण होते. ह्यात कपट असतेच असे नाही. घरी आलेल्यास वाईट सांगू नये, ही आपली रीत. आणि सांगितले तर पुढच्या वर्षीचा पैसा बंद होईल ही भीतीही खोटी नव्हे. परंतु त्या आठवड्यात गळक्या मडक्याची वार्ता समुद्रापलीकडे पोचण्याची जी एकच वाट होती, ती आपणच बुजविलेली असते. शेजारच्या तालुक्यास तेच मडके पुढच्या वर्षी दिले जाते, ते ह्यामुळे. दात्याचे अज्ञान निम्मे त्याचे स्वतःचे असते. निम्मे आपल्या भिडस्तपणाने आपण त्यास पुरविलेले असते.

नगर जिल्ह्यात, ज्यास आता अहिल्यानगर म्हणतात, जामखेड येथे डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे ह्यांनी १९७० साली काम आरंभिले, तेव्हा परदेशी मंडळ्यांचा पैसा त्यांच्या पाठीशी होता. ते दोघे औषधोपचाराची विद्या शिकून आले होते. गावकऱ्यांनी सांगितले की, आम्हांस आधी पाणी व अन्न पाहिजे. तेव्हा आरंभ बोअरांपासून व मुलांच्या जेवणापासून झाला. पुढे गावोगावी आरोग्यसेविका निवडल्या गेल्या, त्या पुष्कळशा निरक्षर, कित्येक दलित वस्तीतल्या बाया. आणि त्यांस गावानेच निवडले. दात्यांचा पैसा ह्या बायांच्या शिक्षणावर खर्च झाला, हे आम्हांस त्या सर्व हकीकतीतले सर्वात मोलाचे कलम वाटते. दवाखाना द्यावयास आलेल्या मनुष्यास 'दवाखाना मागाहून' असे तोंडावर सांगणारे गाव, आणि ते ऐकून घेणारा दाता, ह्या दोघांची गाठ क्वचित पडते.

नारूच्या मोहिमेतील एक बाब वर सांगावयाची राहिली. चाड, दक्षिण सुदान, इथिओपिया ह्या देशांत आज जो कोणी नारूचा रोगी असल्याची बातमी आणून देतो, आणि ती खरी ठरते, त्यास रोख इनाम मिळते. वाईट बातमीस इनाम! इतर कचेऱ्यांत 'सर्व ठीक आहे' असा कागद आला की साहेब संतुष्ट होतो. तेथे तसा कागद आला तर कामगार गाडी घेऊन निघतो, गावातील पाणवठा पाहतो, आणि घरोघर जाऊन लोकांस पाय दाखविण्यास सांगतो.